मॅनिस्टीला जाण्याआधी: लाकूडशेठांची घरं, नदी, वाळू आणि तुमचे नेहमीचे प्रश्न

ग्रँड रॅपिड्सला येऊन आम्हाला आता बरीच वर्षं झाली. पाहुणे आले की मॅनिस्टीची एक फेरी ठरलेलीच. मग त्या पाहुण्यांचे मित्र, मित्रांचे शिकागोतले भाऊ, भावांच्या सासूबाई असे सगळ्यांचे मेसेज येत राहतात. तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या दर मोसमात बदलतात, निघण्याआधी बघून घ्या.

मॅनिस्टी नक्की कुठे आहे आणि तिथे आहे तरी काय?

मिशिगन राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, लेक मिशिगनच्या काठाला. वस्ती सहा हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं खेडं म्हणा. पण या खेड्यात १९०३ सालचं नाट्यगृह आहे, शिकागोच्या नामांकित वास्तुविशारदाने बांधलेलं चर्च आहे, गल्लोगल्ली मनोरे-झरोक्यांची व्हिक्टोरियन घरं आहेत, मधून नदी वाहते आणि दोन्ही अंगांना वाळूचे किनारे आहेत. हे सगळं एका छोट्या गावात कसं आलं, याचं उत्तर एकाच झाडात आहे: व्हाइट पाइन. त्याबद्दल खाली ‘लंबर टाउन’च्या प्रश्नात.

शिकागोहून किती वेळ लागतो? डेट्रॉइटहून?

शिकागोहून गाडीने साधारण साडेचार तास, डेट्रॉइटहून चारच्या वर, ग्रँड रॅपिड्सहून दोन. शेवटचा टप्पा यूएस-३१ या महामार्गावरून. शिकागोकरांनी एक लक्षात ठेवावं: मिशिगनचं घड्याळ एक तास पुढे असतं. अकराच्या टूरसाठी सकाळी सहाला निघून अगदी वेळेत पोहोचल्याच्या आनंदात असलेले आमचे एक स्नेही तिथे उतरले तेव्हा टूर संपत आली होती. याच गोष्टीचा फायदाही आहे. इथे जूनअखेरीस सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवस संपता संपत नाही.

विस्कॉन्सिनकडून येणाऱ्यांना एक मजेची वाट आहे. मॅनिटोवॉकहून ‘एसएस बॅजर’ नावाची कोळशावर चालणारी जुनी वाफेची बोट उन्हाळ्यात गाड्यांसकट चार तासांत सरोवर ओलांडते आणि लडिंग्टनला लागते. तिथून मॅनिस्टी अर्ध्या तासावर.

‘लंबर टाउन’ म्हणजे काय? लाकडाची बाजारपेठ?

बाजारपेठ म्हटलं तर चित्र फार छोटं होतं. झाड वरच्या रानात पडायचं, नदीतून वाहत खाली यायचं, गावातल्या आरागिरणीत चिरलं जायचं आणि फळ्या होऊन जहाजातून शिकागोला जायचं, अशी ती साखळी होती. मॅनिस्टी म्हणजे त्या साखळीची शेवटची कडी.

व्हाइट पाइनचं खोड सरळसोट, चिरायला मऊ आणि मुख्य म्हणजे पाण्यावर तरंगणारं. रस्ते नसलेल्या मुलखात हा शेवटचा गुण सोन्यासारखा. तोड हिवाळ्यात चालायची, कारण बर्फाच्या वाटेवरून घसरगाडीने ओंडके नदीकाठी ओढत आणणं सोपं. वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की काठावरचे ढीग पाण्यात लोटायचे. एकाच नदीत दहा मालकांचा माल, मग कोणाचा ओंडका कोणता? त्यासाठी ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने मालकाचा शिक्का ठोकत. गुरांना डाग देतात तसंच.

इथली पहिली आरागिरणी स्ट्रोनाक कुटुंबाने १८४१ मध्ये उभारली. पुढे याच गावातल्या सायलस ओव्हरपॅक नावाच्या गाडे बनवणाऱ्याने १८७५ च्या सुमारास माणसापेक्षा उंच, जवळजवळ दहा फुटी चाकांचा गाडा विकायला सुरुवात केली. ओंडके त्याच्या आसाखाली साखळीने लटकवून घोडे ओढायचे. त्यामुळे बर्फ नसतानाही तोड करता येऊ लागली. ही ‘बिग व्हील्स’ कुठे मांडलेली दिसली तर शेजारी उभं राहून फोटो काढाच, म्हणजे आकार कळतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. १८८१ मध्ये चार्ल्स रिट्झ यांच्या गिरणीच्या आवारात खोल बोअर मारताना मीठ लागलं. खारं पाणी वर काढून आटवायला भरपूर जळण लागतं, आणि गिरण्यांपाशी भुसा आणि साली-सालपटांचे डोंगर पडलेले होतेच. कचरा जाळून मीठ, असा जोडधंदा सुरू झाला. लाकूड संपल्यावरही गाव तगलं ते यामुळे.

लाकडाचं गाव आहे, मग मुख्य रस्त्यावर सगळ्या इमारती विटांच्या कशा?

कारण लाकडाचं गाव एकदा जळून गेलं. ८ ऑक्टोबर १८७१. तारीख ओळखीची वाटत असेल तर बरोबर आहे. शिकागोची प्रसिद्ध आग त्याच रात्रीची. विस्कॉन्सिनमधलं पेश्टिगो हे गावही त्याच रात्री भस्मसात झालं आणि तिथे हजाराहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी उन्हाळा कोरडा गेला होता, तोडीनंतर रानात फांद्या-डहाळ्या तशाच पडून होत्या, गावात भुश्याचे ढीग होते आणि वारा सुटला होता. मॅनिस्टीचाही मोठा भाग एका दिवसात गेला.

पुन्हा बांधताना रिव्हर स्ट्रीटवर वीट आली. आज तिथे दिसणाऱ्या दुकानांच्या ओळी, वरच्या मजल्यांच्या कमानी आणि कंगोरे हे त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतलं काम. गंमत अशी की जळालेलं शिकागो पुन्हा उभं करायला लागलेलं लाकूड मिशिगनमधूनच गेलं. आगीने पोळलेलं गाव आगीवरच श्रीमंत झालं, असंही म्हणता येईल.

आगीची धास्ती मात्र टिकली. फर्स्ट स्ट्रीटवरचं अग्निशमन केंद्र १८८९ मध्ये सुरू झालं आणि अजून त्याच इमारतीतून चालतं. घुमट बघण्यासारखा आहे. दारासमोर गाडी लावू नका, एवढंच.

कोणती घरं आतून बघता येतात?

इथे बऱ्याच जणांची निराशा होते, म्हणून आधीच सांगते. बहुतेक घरांत माणसं राहतात. आतून बघता येण्यासारख्या जागा मोजक्या:

बॅबकॉक हाऊस हे थर्ड स्ट्रीटवरचं जुनं घर आता संग्रहालय आहे. त्या काळच्या सामानानिशी लावलेलं. ठरावीक मोसमात, ठरावीक दिवशीच उघडं असतं, त्यामुळे आधी फोन करा.

रिव्हर स्ट्रीटवरचं काउंटीचं इतिहास संग्रहालय लायमन नावाच्या जुन्या औषधदुकानाच्या इमारतीत आहे. बरण्या, ड्रॉवर, काउंटर सगळं जागच्या जागी. मुलांना इथे घरांपेक्षा जास्त मजा येते, असा आमचा अनुभव.

‘अवर सेव्हियर्स’ हे डॅनिश स्थलांतरितांचं छोटं पांढरं चर्च १८६८-६९ चं, म्हणजे आगीतून वाचलेलं. अमेरिकेतल्या डॅनिश लुथरन चर्चपैकी सर्वांत जुनं टिकलेलं असा त्याचा लौकिक आहे. नदीतून ओंडके ओढणारे आणि गिरणीत राबणारे लोक कोण होते, हे समजायचं तर शेठांच्या घरांआधी इथे जा.

फर्स्ट काँग्रिगेशनल चर्च १८९२ चं. वास्तुविशारद विल्यम ल बॅरन जेनी, ज्यांना शिकागोत पहिली गगनचुंबी इमारत उभारल्याचं श्रेय दिलं जातं ते. टिफनीच्या रंगीत काचा आहेत. ऊन तिरपं असताना जा.

पाचवं रॅम्सडेल थिएटर, पण त्याला स्वतंत्र प्रश्न द्यायलाच हवा.

रॅम्सडेल थिएटरमध्ये नाटक नसेल तर जाण्यात अर्थ आहे का?

आहे. टूर मिळाली तर नक्की. टॉमस जेफरसन रॅम्सडेल हे गावचे जुने वकील. लाकडाचा पैसा आटायला लागला होता अशा काळात त्यांनी स्वतःच्या खिशातून हे थिएटर बांधलं. आराखडा शिकागोचे सोलन बेमन यांचा. घुमटावरचं चित्र रॅम्सडेल यांचा मुलगा फ्रेडरिक याने रंगवलेलं. बापाने थिएटर बांधावं आणि पोराने छत रंगवावं, हे मला दर वेळी फार आवडतं.

आणखी एक धागा आहे. ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या डार्थ व्हेडरला ज्यांचा आवाज मिळाला ते जेम्स अर्ल जोन्स याच काउंटीत आजी-आजोबांच्या शेतावर वाढले. लहानपणी तोतरेपणामुळे ते कित्येक वर्षं जवळजवळ बोलतच नसत. ब्रेद्रेन या खेड्यातल्या शाळेत एका शिक्षकांनी त्यांना कविता मोठ्याने म्हणायला लावून बोलतं केलं. १९५० च्या दशकात ते रॅम्सडेलमध्ये रंगमंचामागची कामं करत करत रंगमंचावर आले. नाटकवेड्या मराठी माणसाने एवढ्यासाठी तरी त्या विंगेत एकदा डोकावून यावं.

बाकीची घरं नुसती बाहेरून बघून काय कळणार?

बरंच कळतं, नजर कुठे टाकायची ते ठाऊक असलं तर. रिव्हर स्ट्रीटच्या दक्षिणेला चढ चढून गेलं की थर्ड, फोर्थ, फिफ्थ असे रस्ते लागतात. तिथे सावकाश चालत फिरा, गाडीतून नको.

क्वीन अ‍ॅन धाटणीची घरं पहिली ओळखू येतात. एका कोपऱ्यावर गोल मनोरा, घराला वळसा घालणारी पडवी, कुठलीच बाजू दुसरीसारखी नाही. भिंतीवर वरच्या भागात माशाच्या खवल्यांसारख्या कापलेल्या लाकडी चकत्या दिसतील. खांबांचं कातकाम आणि छपराच्या कडेची लाकडी नक्षी पाहा. यंत्रावर चालणारी करवत आणि लेथ आल्यामुळे हे सगळं स्वस्तात, ढिगाने होऊ लागलं होतं. ज्यांच्या स्वतःच्याच गिरण्या, त्यांना तर काय! घर हीच जाहिरात.

आणि आता खरी मेख. ज्या पाइनवर हे लोक श्रीमंत झाले, तो पाइन बहुधा भिंतीच्या आत, सांगाड्यात दडलेला असतो. त्या काळच्या श्रीमंत घरांत आतल्या जिन्याला, दारांना, शेकोटीच्या चौकटीला ओक, चेरी, महोगनी. विकायचं लाकूड वेगळं आणि मिरवायचं वेगळं. बॅबकॉक हाऊसमध्ये गेलात तर हाताखालचा कठडा कोणत्या लाकडाचा, हे गाइडला जरूर विचारा. असल्या प्रश्नावर त्यांची कळी खुलते.

लोकांच्या घरांचे फोटो काढले तर चालतं का?

फुटपाथवरून काढायला हरकत नाही. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, पडवीत चढायचं नाही, खिडकीला नाक लावायचं नाही. एकदा आमच्यातल्या एका काकांनी ‘फक्त एक फोटो’ म्हणून कुणाच्या पायऱ्यांवर बैठक मारली आणि घराच्या मालकीणबाई बाहेर आल्या. त्या रागावल्या नाहीत, उलट घराची हकीकत सांगत बसल्या. पण त्यावर भरवसा ठेवू नका. काही जुनी मोठी घरं आता पाहुण्यांना मुक्कामाला देतात. आतून बघण्याचा तो एक खात्रीचा मार्ग आहे.

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. चढउतार न करता काय बघता येईल?

रिव्हरवॉक. नदीच्या दक्षिण काठाने गावापासून सरोवराकडे जाणारी सुमारे दीड मैलांची वाट. सपाट आहे, बाकडी आहेत, कंटाळा आला तर कुठूनही गावात शिरता येतं. नदी इथे अरुंद आहे आणि तिच्यावरचे दोन पूल बोटी आल्या की उचलले जातात. नशीब असेल तर एखादं अजस्र मालवाहू जहाज दुकानांच्या मागच्या खिडक्यांना घासत चाललंय की काय असं वाटावं इतक्या जवळून जाताना दिसेल. माझ्या सासऱ्यांनी त्या एका जहाजासाठी दोन तास बाकडं सोडलं नव्हतं.

घरांच्या गल्ल्यांना थोडा चढ आहे. त्यांना गाडीतून एक फेरी मारून आणा, मनोरे तेवढ्यानेही दिसतात.

सरोवरच आहे ना, समुद्र नाही. पोहायला धोका कसला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. भरती-ओहोटी नाही, मीठ नाही, शार्क नाही, सगळं खरं. पण पलीकडचा काठ दिसत नाही एवढं हे पाणी आहे, आणि वारा सुटला की लाटा कोकणातल्या पावसाळी समुद्राची आठवण करून देतात. धक्क्याच्या भिंतीलगत पाण्याचा जोराचा ओढा आत खेचतो. दरवर्षी लेक मिशिगनमध्ये माणसं बुडतात, त्यात चांगले पोहणारेही असतात.

किनाऱ्यावर झेंडे असतात तिथे हिरवा, पिवळा, लाल यांचा अर्थ सिग्नलसारखाच. दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही. ओढ्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका. पाठीवर तरंगा, दम राखा, ओढा कुठल्या दिशेला नेतोय ते बघा आणि मग बाजूने बाहेर पडा.

आणखी एक चकवा. जुलैत पाणी छान कोमट असतं, पण वाऱ्याची दिशा बदलली की वरचं पाणी आत ढकललं जातं आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. काल पोरं डुंबत होती तिथे आज पाय टाकवत नाही, असं एका रात्रीत होतं.

कुटुंबासाठी नदीच्या दक्षिणेचा फर्स्ट स्ट्रीट बीच सोयीचा. मुलांना खेळायला जागा आहे, गाडी लावायची सोय आहे.

दीपगृहापर्यंत चालत जाता येतं का?

हवा शांत असेल तर जाता येतं. उत्तरेकडच्या धक्क्याच्या टोकावर १९२७ सालचं पांढरं लोखंडी दीपगृह आहे. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू बीचवर गाडी लावून धक्क्यावरून चालत जायचं. डोक्यावर लांबच लांब लोखंडी मचाण दिसेल. वादळात लाटा धक्क्यावरून जायच्या, तेव्हा दिवा सांभाळणारा माणूस त्या मचाणावरून जायचा. अशी मचाणं मिशिगनमध्ये आता अगदी थोडी उरली आहेत. मचाणावर चढायला परवानगी नाही.

धक्का ओला दिसला, की समजायचं, लाट इथवर येते. मग पुढे जायचं नाही. कारण वरच्या प्रश्नात सांगितलं आहे.

ते भलंमोठं काळं जहाज कसलं?

‘एसएस सिटी ऑफ मिलवॉकी’, १९३१ सालचं. रेल्वेचे डबे पोटात घेऊन लेक मिशिगन ओलांडणारी बोट. शिकागोचा वळसा आणि तिथली कोंडी टाळून मालगाडी थेट पाण्यावरून न्यायची, अशी ती कल्पना. आत डेकवर चार रूळ अजून आहेत. तिच्याआधीची ‘मिलवॉकी’ ऑक्टोबर १९२९ च्या वादळात सगळ्या खलाशांसह बुडाली, तिची जागा घ्यायला ही बांधली. आज राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे, यूएस-३१ ला लागून, गावालगतच्या मॅनिस्टी लेक या छोट्या तळ्यात उभी असते. मोसमात टूर असते, केबिनमध्ये रात्रीचा मुक्कामही करता येतो. जिने अरुंद आणि उभे, गुडघेदुखीवाल्यांनी वरच्या डेकच्या मोहात पडू नये.

जंगलात किंवा वाळूच्या टेकड्यांवर चालायला कुठे जावं?

वेळेवर अवलंबून.

अर्धा दिवस असेल तर गावाच्या दक्षिणेला लेक मिशिगन रिक्रिएशन एरिया. लाकडी जिन्यांवरून टेकडीवरच्या सज्जांत पोहोचता येतं आणि तिथून सरोवराचा पसारा दिसतो. त्याला लागून नॉर्डहाउस ड्यून्स, ३,४५० एकरांचं राखीव रान. मिशिगनच्या दोन द्वीपकल्पांपैकी खालच्या, म्हणजे लोअर पेनिन्सुलात, केंद्राच्या वनखात्याकडचं ‘वाइल्डरनेस’ म्हणून जाहीर झालेलं हे एकमेव रान. वाइल्डरनेसचा अर्थ इथे शब्दशः घ्यावा. पाट्या जवळजवळ नाहीत, सायकल चालत नाही, ड्रोन उडवायचा नाही. वाळूत वाटा फुटत जातात आणि फोनला रेंज मिळेलच असं नाही. नकाशा आधी उतरवून घ्या.

दोन दिवस आणि पाठीवर तंबू असेल तर मॅनिस्टी रिव्हर ट्रेल. नदीच्या एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने नॉर्थ कंट्री ट्रेलवरून परतायचं, साधारण वीस मैलांची फेरी. हॉडनपाइल धरणाजवळ नदीवर झुलता पूल आहे. घाबरणाऱ्यांनी एकएकटे ओलांडा.

नुसती सूर्यास्ताची सहल हवी असेल तर गावाच्या उत्तरेला ऑर्चर्ड बीच स्टेट पार्क. नावाप्रमाणे पूर्वी इथे सफरचंदाची बाग होती. इथला कडा सरोवराने इतका खाल्ला, की १९३०-४० च्या सुमाराची सुमारे ८५० टनांची दगडी इमारत २०२० मध्ये अख्खी उचलून मागे सरकवली. त्याच कारणाने खाली किनाऱ्यावर जायची वाट उघडी आहे का, ते आधी तपासा.

एकच पास सगळीकडे चालतो का?

नाही, आणि इथे हमखास घोळ होतो. ऑर्चर्ड बीच राज्याचं, तिथे गाडीला मिशिगनचा रिक्रिएशन पासपोर्ट लागतो. मिशिगनच्या गाड्यांना तो नोंदणीबरोबरच घेता येतो, इलिनॉयची नंबरप्लेट असेल तर गेटवर. नॉर्डहाउस आणि लेक मिशिगन रिक्रिएशन एरिया केंद्राच्या वनखात्याचं, तिथे राज्याचा पास दाखवून उपयोग नाही. तिथे वेगळी फी, किंवा राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास. गावातल्या किनाऱ्यांना यातलं काही लागत नाही.

हे जंगल मूळचं आहे का? झाडं तर मोठी दिसतात.

नाही. हे समजलं की घरं वेगळी दिसायला लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मैलोन् मैल खुंट होते. पाइन गेला, आगी लागल्या, रेताड जमिनीत शेती पिकेना, लोक कर न भरता जमिनी सोडून निघून गेले. अशा टाकलेल्या जमिनी सरकारने गोळा केल्या, झाडं लावली, आणि १९३८ मध्ये मॅनिस्टी नॅशनल फॉरेस्ट जाहीर झालं. काही ठिकाणी पाइन चक्क रांगेत उभे दिसतात. त्या लागवडीच्या रांगा.

नदीचंही तेच. ओंडक्यांनी तळ खरवडून काढला, वाळू भरली. ग्रेलिंग नावाचा देखणा मासा, ज्याच्यासाठी हौशी लोक लांबून यायचे, तो काही दशकांत मिशिगनमधून नाहीसा झाला. आता तो परत आणायचा प्रयत्न चालू आहे. सकाळी मनोऱ्याचं घर आणि दुपारी हे रान, अशी एकाच दिवसात दोन्ही बघा. वेगवेगळ्या दिवशी बघितली तर हिशोब जुळत नाही.

लाकूडवाल्यांच्या आधी इथे कोण होतं?

अनिशिनाबे लोक, आणि त्यांतले ओडावा (म्हणजेच ओटावा) आजही इथेच आहेत. १८३६ च्या तहात या भागातली प्रचंड जमीन त्यांच्या हातून गेली. मॅनिस्टी नदीकाठी त्यांच्यासाठी राखलेला तुकडाही पुढे टिकला नाही. लिटल रिव्हर बँड ऑफ ओटावा या त्यांच्या सरकारला केंद्राने १९९४ मध्ये पुन्हा मान्यता दिली. बहुतेक प्रवाशांना ते गावाबाहेरच्या कॅसिनोमुळे माहीत असतात. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. नदीतल्या स्टर्जन माशाची पिल्लं ते नदीकाठीच, नदीच्याच पाण्यात वाढवतात आणि शरद ऋतूत परत सोडतात.

सॅल्मन उड्या मारताना बघायचे आहेत. कधी यावं?

सप्टेंबर-ऑक्टोबर, टिपी धरणाच्या खाली. १९१८ चं हे धरण त्यांची वाट अडवतं, म्हणून तिथे गर्दी होते, माशांची आणि माणसांचीही. हे मासे मूळचे इथले नव्हेत. सरोवरात बाहेरून शिरलेल्या एलवाइफ या छोट्या माशाचा सुळसुळाट झाला होता. त्यांना खायला म्हणून पॅसिफिककडचे कोहो सॅल्मन १९६६ मध्ये सोडले, त्यातले काही मॅनिस्टीला मिळणाऱ्या बेअर क्रीकमध्ये. अंडी घातल्यावर हे मासे मरतात. काठावर वास असतो, नाजूक नाकवाल्यांना आधी कल्पना द्या. नुसतं बघायला परवाना लागत नाही. गळ टाकायचा तर सतरा आणि त्यापुढच्या प्रत्येकाला लागतो.

किनाऱ्यावरचे पेटॉस्की दगड घरी आणले तर चालतात?

मिशिगनमध्ये चालतात, पण वर्षाला माणशी २५ पौंडांपर्यंत. पेटॉस्की म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रवाळाचा जीवाश्म. कोरडा असताना साधा करडा, ओला केला की षटकोनी नक्षी उमटते. म्हणून पाण्याच्या कडेने शोधा. अपवाद: इथून उत्तरेला तासाभरावरचं स्लीपिंग बेअर ड्यून्स राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याकडे आहे, तिथून एक खडाही उचलायचा नाही. मॅनिस्टीत गोळा करून तिकडे जाणार असाल तर दगड गाडीतच राहू द्या.

किनाऱ्याने चालता चालता खासगी बंगल्यांसमोर आलो. मागे फिरायचं का?

गरज नाही. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला आहे की पाण्याच्या नेहमीच्या उच्च रेषेच्या खालच्या पट्ट्यातून चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे, मागची जमीन कोणाचीही असो. हक्क चालण्याचा आहे, चटई पसरून शेंगदाणे खाण्याचा नाही. पाण्यालगत चालत राहा, कोणी बघितलं तर हात हलवा. दोरी बांधलेला भाग मात्र टाळा. पायपिंग प्लोव्हर हा दुर्मीळ पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतो.

साप, अस्वल वगैरे?

त्यांची चिंता सोडा. गोचिडांची करा. या किनाऱ्यावरच्या गोचिडांतून लाइम आजार होऊ शकतो. लांब पँट मोज्यांत खोचा, परत आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला हात लावू नका. आणि दमट दिवशी किनाऱ्यावर घोटे चावणाऱ्या माश्या येतात, त्यांच्यावर एकच उपाय आहे: सरळ गावात जाऊन आइस्क्रीम खाणे.

शाकाहारी जेवण मिळेल का?

पोट भरेल, मन भरेलच असं नाही. पिझ्झा, सँडविच, सॅलड मिळतं. गावाची खरी मिजास माशाची, धुरावलेला व्हाइटफिश खाणाऱ्यांनी सोडू नये. आम्ही दशम्या, चटणी आणि थर्मासात चहा नेतो. देशी किराणा ग्रँड रॅपिड्सलाच घेऊन ठेवा. जुलैत रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर चेरी मिळतात, पैसे डब्यात टाकून पिशवी उचलायची.

हिवाळ्यात जाण्यात अर्थ आहे?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेरीस नक्की. व्हिक्टोरियन स्लेबेल परेडमध्ये धिप्पाड घोडे भलंमोठं ख्रिसमसचं झाड ओढत रिव्हर स्ट्रीटवरून नेतात, लोक जुन्या वेषात मिरवतात. मोटारी नाहीत, खुरांचा आणि घुंगरांचाच आवाज. बाकी हिवाळ्यात बरीच ठिकाणं बंद असतात आणि सरोवरावरून येणारा बर्फ यूएस-३१ वर पांढरा पडदा टाकतो. एकच फेरी करायची तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा निवडा: पाणी अजून बरं, गर्दी ओसरलेली, सॅल्मन नदीत.

फक्त घरंच बघायची आहेत. मॅनिस्टी की मस्कीगन?

आतली कलाकुसर निवांत बघायची तर मस्कीगन. तिथली हॅकली आणि ह्यूम या भागीदारांची १८८९ मध्ये पुरी झालेली शेजारशेजारची घरं संग्रहालय म्हणून फार निगुतीने जपली आहेत. पण ते मोठं शहर आहे, घरांभोवतीचं गाव बदललेलं आहे. मॅनिस्टीत घर, गिरणीची नदी, बंदर सगळं चालण्याच्या अंतरात आहे. मस्कीगन वाटेवरच पडतं, मॅनिस्टीच्या दीड तास अलीकडे. जाताना तिथे थांबा.

परतताना गाडीत रिकाम्या बाटल्या-डब्यांचा ढीग झालाय. शिकागोला जाऊन टाकू?

टाकू नका, पैसे आहेत ते. मिशिगनमध्ये सोडा-बिअरच्या प्रत्येक बाटलीमागे १० सेंट अनामत घेतात आणि किराणा दुकानातल्या यंत्रात घातली की परत देतात. राज्याची हद्द ओलांडली की मिळत नाहीत. उलट मात्र करू नका: इलिनॉयहून आणलेल्या बाटल्या इथल्या यंत्रात घालणं बेकायदेशीर आहे.